फिल्टर आणि इम्पिडन्स बदल एकाच तुकड्यात: ८६६ मेगाहर्ट्झच्या बोर्डाची हकिकत आणि एक अडचण

रामबागकर

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा. सांवेर आणि देपालपूरकडच्या सोयाबीनच्या शेतांत मातीतली ओल मोजून ती रेडिओने घरापर्यंत पाठवणारी छोटी यंत्रं मी आणि माझा एक मित्र बनवतो. पट्टा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा. आपल्याकडे तो २००५ पासून विनापरवाना आहे: ट्रान्समीटर १ वॅटपर्यंत, अँटेनातून निघणारी प्रभावी शक्ती ४ वॅटपर्यंत, कॅरियरची रुंदी २०० किलोहर्ट्झ. आम्हाला १०० मिलिवॅट पुरतात.

सगळं यंत्र शेतात रोवायच्या पीव्हीसी नळीत बसवायचं, म्हणून बोर्ड अरुंद. अडचण इथूनच सुरू होते. बॅटरी जास्त टिकावी म्हणून आम्ही पॉवर अँप्लिफायर १.८ व्होल्टवर चालवतो. त्याला किती ओहमचा लोड हवा याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: व्होल्टेजचा वर्ग, भागिले पॉवरची दुप्पट. ३.२४ भागिले ०.२, म्हणजे १६ ओहम. अँटेना मात्र ५० ओहमची. आजवर आम्ही आधी दोन कॉइल आणि दोन कपॅसिटर लावून १६ चे ५० करायचो (हाच इम्पिडन्स बदल) आणि पुढे हवी तीच फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा ५० ओहमचा तयार फिल्टर बसवायचो. जागा दोन्हीकडे जायची आणि सिग्नलही दोन्हीकडे झिजायचा.

ही दोन कामं वेगळी का करायची, हे बाबांच्या जुन्या ट्रान्झिस्टरने माझ्या डोक्यात घातलं. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा डबा उघडला, तर त्यात आयएफटीच्या (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरच्या) चौकोनी पत्र्याच्या डब्या निघाल्या, पिवळ्या, पांढऱ्या आणि काळ्या कोअरच्या. पांढरीचं पत्र्याचं कवच मी हळूच काढलं. आत केसासारखी तार, ड्रमसारख्या छोट्या फेराइटवर गुंडाळलेली, आणि खाली पाच पाय. प्राथमिक वेटोळ्याला मधूनच एक टॅप, म्हणजे जोडणीची वाट, काढलेला, दुसऱ्या वेटोळ्याला जेमतेम काही वेढे. ४५५ किलोहर्ट्झवर हीच डबी नको ते स्टेशन गाळते, आणि कलेक्टरचा मोठा इम्पिडन्स पुढच्या बेसच्या लहान इम्पिडन्सशी जुळवूनही देते. एवढ्याशा डबीत दोन्ही कामं. टॅप कुठे काढला, त्यावर सगळं ठरतं.

मग तोच टॅप मी बोर्डावर काढला. आधी साधा, दोन थरांचा १.६ मिमी एफआर-४ चा (नेहमीच्या काचतंतूच्या बोर्डाचा) नमुना केला. त्यावर चतुर्थांश तरंगलांबीचे दोन रेझोनेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच झंकारणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या) शेजारी शेजारी, एक टोक ग्राउंडला, दुसरं मोकळं. पट्टी ३५ ओहमची, म्हणजे सुमारे ५.३ मिमी रुंद. लांबी ४७ मिमी. बँडची रुंदी १५ टक्के धरली, रचना बटरवर्थ, म्हणजे सपाट माथ्याची. तेव्हा दोन्ही टोकांना बाहेरचा क्यू (रेझोनन्स किती टोकदार त्याचं माप) ९.४ हवा, आणि दोन रेझोनेटरमधलं कपलिंग (एकाचा दुसऱ्यावरचा प्रभाव) ०.१०६.

आता टॅप. ५० ओहमच्या बाजूला तो ग्राउंडच्या टोकापासून १०.५ मिमीवर आला आणि १६ ओहमच्या बाजूला ५.९ मिमीवर. इम्पिडन्स बदलायला लागलं ते एवढंच. एकही जास्तीचा भाग नाही, फक्त एका बाजूची वाट साडेचार मिमी खाली सरकली. हा हिशेब जमला तेव्हा मी रात्री दीडला मित्राला फोन केला.

बोर्ड मात्र बिघडला. ८६६ वर एक सपाट माथा हवा होता, पण नॅनोव्हीएनएवर (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पार होतो ते मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर) दोन शिखरं दिसली, एक ६७० च्या आसपास आणि एक ९१० च्या. आमची फ्रिक्वेन्सी मधल्या दरीच्या उतारावर. गॅप वाढवून पाहिला, शिखरं थोडी जवळ आली, पण बात बनली नाही. सिम्युलेटरमध्ये सगळं ठीक दिसतं. हा नमुना जमला की बहुथरी करून आकार एक तृतीयांशावर आणायचा बेत आहे. माझं कुठे चुकतंय?

---

कोरा_कागद

सुरेख धागा. माझं शिक्षण कॉमर्सचं, तरी वाचत गेलो. एक विचारू? टॅप खाली सरकवला की इम्पिडन्स कमी का होतो?

---

रामबागकर

@कोरा_कागद, तरफ डोळ्यासमोर आणा. ग्राउंडला जोडलेलं टोक म्हणजे टेकू. तिथे व्होल्टेज शून्य आणि करंट सगळ्यात जास्त. मोकळ्या टोकाकडे जाऊ तसं व्होल्टेज वाढत जातं आणि करंट कमी होतो. टेकूजवळ हात लावला तर हालचाल थोडी आणि जोर जास्त लागतो. रेडिओच्या भाषेत व्होल्टेज कमी, करंट जास्त, म्हणजे इम्पिडन्स लहान. पॉवर अँप्लिफायरकडे जोर आहे, हालचाल नाही, म्हणून तो टेकूजवळ. अँटेना जरा लांब. वर जोडलेला १०.५ आणि खालचा ५.९, यांचं गुणोत्तर जवळपास १६ भागिले ५० च्या वर्गमुळाएवढं येतं, ०.५७ च्या आसपास.

---

मध्यमलहर

तुमच्या बाबांचा डबा वाचून हात थरथरले. मीही इंदूरचाच, आयुष्यभर राजवाड्याच्या आसपास रेडिओच दुरुस्त केले. आकाशवाणी इंदूर ६४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेटच्या आत ऑसिलेटर ११०३ वर हवा, हे आकडे अजून झोपेतही सांगेन.

एक गोष्ट मात्र नीट सांगतो, कारण ती अर्धी सांगितली जाते. आयएफटीचा टॅप नुसता जुळवणीसाठी नसतो. ट्रान्झिस्टर सबंध वेटोळ्यावर टाकला तर त्याचा रोध वेटोळ्याला दाबून टाकतो, क्यू कोसळतो आणि शेजारचं स्टेशन आत शिरतं. टॅपवर टाकला की तोच रोध वेटोळ्याला कित्येक पट मोठा होऊन दिसतो, क्यू शाबूत राहतो. म्हणजे गाळणी शाबूत राहावी म्हणूनच इम्पिडन्स बदलायचा. आमच्या उस्तादांनी हे एका वाक्यात शिकवलं होतं: "डबी का दम टॅप में है." तुम्ही बाहेरचा क्यू आधी ठरवून मग टॅप काढलात, तीच योग्य वाट.

तुमच्या दोन शिखरांचं लक्षण मला कपलिंग जास्त झाल्याचं वाटतं. आयएफटीची दोन वेटोळी फार जवळ आली की ट्यून करताना अशीच दोन शिखरं निघायची.

---

चिंचवडकर

काकांचं निदान बरोबर. पण जास्तीचं कपलिंग येतंय कुठून? रामबागकर, दोन्ही रेझोनेटर ग्राउंडला कसे जोडले आहेत? फोटो टाका, किंवा निदान व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी, आतून धातू चढवलेली भोकं) किती आहेत ते सांगा.

---

रामबागकर

दोन्ही पट्ट्यांची खालची टोकं एका छोट्या आडव्या पट्टीने जोडली आहेत. तिच्या मधोमध एक व्हाया, ०.४ मिमीची. जागा वाचेल म्हणून.

---

चिंचवडकर

चोर सापडला.

१.६ मिमी उंच आणि ०.४ मिमी जाडीच्या व्हायाचं इंडक्टन्स साधारण १.२ नॅनोहेन्री. ऐकायला क्षुल्लक, पण ८६६ मेगाहर्ट्झवर ते साडेसहा ओहम होतं. दोन्ही रेझोनेटरचा करंट त्यातूनच जातो, म्हणजे एकाचा करंट दुसऱ्याच्या दारात व्होल्टेज उभं करतो. कपलिंग म्हणजे दुसरं काय?

तुमच्या ३५ ओहमच्या पट्टीचा उतार-गुणांक (फ्रिक्वेन्सी सरकली की रेझोनेटरचा अडथळा किती वेगाने बदलतो त्याचं माप) ३५ गुणिले पाय (π) भागिले चार, म्हणजे २७.५ ओहम. साडेसहाला साडेसत्तावीसने भागा: ०.२३७. तुम्हाला हवं होतं ०.१०६. गॅपमधून ते तुम्ही दिलंतच होतं, व्हायाने त्यावर दुपटीहून जास्त ओतलं. दोन्ही रेझोनेटर एकत्र झुलतात तेव्हा त्यांना व्हाया दुपटीने जाणवते आणि तो माथा खाली घसरतो, तुमचं ६७०. उलट झुलतात तेव्हा व्हायातून करंटच जात नाही, तो माथा जवळपास जागेवर राहतो, तुमचं ९१०. सिम्युलेटरमध्ये ग्राउंड आदर्श धरलं असणार, म्हणून तिथे काही दिसलं नाही.

उपाय सरळ: प्रत्येक रेझोनेटरच्या टोकाला स्वतंत्र तीन-चार व्हाया द्या, मधली जोडपट्टी काढा.

---

नर्मदातीर

चिंचवडकरांशी सहमत, पण मला उलटं सुचतं. ती व्हाया काढू नका, तिलाच कामाला लावा.

दोन रेझोनेटर पुरेसे लांब ठेवा म्हणजे गॅपमधून जवळजवळ काही जाणार नाही, आणि सगळं कपलिंग सामायिक व्हायातून घ्या. ०.१०६ साठी सामायिक रिअ‍ॅक्टन्स २.९ ओहम (व्हायाच्या इंडक्टन्सचा या फ्रिक्वेन्सीवरचा अडथळा) हवा, म्हणजे अर्धा नॅनोहेन्रीच्या थोडं वर. तुमच्यासारख्या दोन व्हाया समांतर लावल्या की आलंच. मात्र अगदी चिकटवून लावू नका, जवळच्या व्हायांचं इंडक्टन्स समांतर करूनही निम्मं होत नाही. तीनेक मिमी अंतर ठेवा. पट्ट्यांची लांबीही थोडी कमी करा, कारण व्हाया लांबीत भर घालते.

बहुथरी सिरॅमिक फिल्टरमध्ये हे नेहमीचं तंत्र आहे. तिथे गॅप अगदी बारीक, छपाई थोडी सरकली की कपलिंग बदलतं. व्हायाची उंची मात्र थरांच्या जाडीवर ठरते आणि ती बरीच स्थिर असते.

---

मध्यमलहर

नर्मदातीर, शाब्बास! जुन्या शॉर्टवेव्ह सेटमध्ये दोन ट्यून सर्किटांच्या तळाशी एकच सामायिक कॉइल किंवा कपॅसिटर असायचा. तळकपलिंग. तुमची व्हाया म्हणजे तीच.

---

कोरा_कागद

आज कळलं की बोर्डातलं नुसतं भोकही एक भाग असतो.

---

चिंचवडकर

नर्मदातीरांची सूचना माझ्यापेक्षा चांगली. मागे घेतो.

आता बहुथरीबद्दल लिहितो, कारण रामबागकरांचा खरा हेतू तो आहे आणि लोक तिथे फसतात. मी एलटीसीसीवर, म्हणजे कमी तापमानाला भाजल्या जाणाऱ्या सिरॅमिकवर, काही वर्षं काम केलं आहे. पुण्याच्या सी-मेटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या साहित्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत, यावर बरंच काम झालं आहे.

कच्ची सिरॅमिक पट्टी रबरासारखी लवचिक असते. तिला भोकं पाडायची, भोकांत चांदीची पेस्ट भरायची, वर नक्षी छापायची, थर रचायचे, दाबायचे आणि ८५० अंशांच्या आसपास भाजायचं. चांदी ९६१ अंशांना वितळते, म्हणून हे जमतं. साध्या अ‍ॅल्युमिनाला १६०० अंशांच्या घरात भाजावं लागतं, तिथे टंगस्टनसारखे धातू वापरायला लागतात आणि त्यांचा रोध चांदीच्या तिपटीहून जास्त. भाजताना तुकडा बाजूंनी बारा-तेरा टक्के आणि जाडीत पंधरा टक्क्यांच्या आसपास आकसतो. पहिल्यांदा भट्टीतून तुकडा काढून कॅलिपर लावला तेव्हा मला वाटलं होतं, चुकीचीच नक्षी छापली.

थर वाढवून आकार कसा घटतो ते रामबागकरांच्याच आकड्यांवर दाखवतो. रेझोनेटर नव्वद अंशांऐवजी (पूर्ण तरंगलांबी ३६० अंश, तिचा चतुर्थांश ९०) तीस अंशांचा ठेवा आणि मोकळ्या टोकाला कपॅसिटर लावा. ३५ ओहमच्या पट्टीला ८६६ वर ९.१ पिकोफॅरड लागतात. एफआर-४ मध्ये ०.२ मिमी थरातून चौरस मिमीला ०.१९ पिकोफॅरड मिळतात, म्हणजे ४८ चौरस मिमी हवे, सात बाय सात. ७.८ डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या सिरॅमिकचा भाजून ४२ मायक्रॉन झालेला थर चौरस मिमीला १.६ पिकोफॅरड देतो. त्यात तीन थर एकमेकांत गुंफले, एक प्लेट इकडची, एक तिकडची, की पावणेदोन-दोन चौरस मिमीत काम होतं. तांदळाच्या कणीपेक्षा थोडं मोठं.

आणखी एक फायदा आहे, आणि ट्रान्समीटरवाल्यांनी तो सोडू नये. नव्वद अंशांची साधी पट्टी तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिपटीवर, पुन्हा रेझोनन्सला येते. म्हणजे तुमचा फिल्टर २.६ गिगाहर्ट्झच्या कचऱ्याला दार उघडून देतो. कपॅसिटर लावलेली तीस अंशांची पट्टी पुन्हा रेझोनन्सला येते ती थेट सहापटीच्या पुढे. तिसरा आणि पाचवा, दोन्ही बाहेर.

---

रामबागकर

चिंचवडकर, तिसऱ्या हार्मोनिकचा मी विचारच केला नव्हता. आमच्या प्रमाणपत्राच्या चाचणीत नेमकं तेच मोजतात. मोठा धोका टळला, मनापासून आभार.

एक शंका: कपॅसिटर लावल्यावर टॅपच्या जागा बदलतील ना?

---

चिंचवडकर

बदलतील, कारण रेझोनेटरमध्ये ऊर्जा साठण्याचं प्रमाण बदलतं. तुमच्या पट्टीवर हिशेब केला. तीस अंश म्हणजे १५.६ मिमी. ५० ओहमचा टॅप ८.१ मिमीवर, १६ चा ४.६ वर. गुणोत्तर तेच राहिलं ते पाहा. व्हायाचं गणितही नव्याने करा: उतार-गुणांक बदलला की सामायिक इंडक्टन्सही बदलतं.

अँप्लिफायरच्या पायावर दोन-तीन पिकोफॅरड असतीलच. त्यांना वेगळं जुळवत बसू नका. त्या बाजूचा रेझोनेटर किंचित लहान कपॅसिटरवर ट्यून केला की ते पोटात जातात. टॅपवर असल्यामुळे त्यांचा परिणामही कमीच जाणवतो.

---

तिसरा_थर

मी बडोद्याहून. इकडे फिल्टर सुट्या कॉइल-कपॅसिटरनेच करतो, म्हणून त्या बाजूचं थोडं. तिथे टॅप नसतो, पण नॉर्टनचा उपाय आहे. बेल लॅब्जच्या एडवर्ड नॉर्टनचा, थेव्हेनिन-नॉर्टन सिद्धांतांमधल्या त्याच नॉर्टनचा. मालिकेतल्या एका कपॅसिटरच्या जागी तीन कपॅसिटरचं पाय-नेटवर्क (π अक्षराच्या आकाराची जोडणी) लावलं की पुढच्या सगळ्या भागांचा इम्पिडन्स हव्या त्या गुणोत्तराने बदलता येतो. तिघांपैकी एक ऋण येतो, घाबरू नका. शेजारच्या धन कपॅसिटरमधून तो वजा करा. शेजारी किती मोठा आहे त्यावर गुणोत्तराची मर्यादा ठरते. १६ ते ५० अगदी आरामात बसेल.

झिजेबद्दल मात्र सावध राहा. एफआर-४ चा लॉस टॅन्जंट (बोर्डाचं साहित्य किती सिग्नल खातं त्याचं माप) ०.०२, म्हणजे रेझोनेटरचा स्वतःचा क्यू ४०-४५ च्या वर जात नाही. १५ टक्क्यांच्या दोन रेझोनेटरच्या फिल्टरमध्ये त्यामुळे जवळपास २ डेसिबल जातात. १०० मिलिवॅटचे ६३ उरले. शेतातल्या बॅटरीवर हे परवडेल का? रॉजर्स ४३५० सारख्या लॅमिनेटवर हीच झीज पाऊण डेसिबलच्या आत येते.

---

रामबागकर

परवडत नाही. पण आमचा जुना मार्ग, जुळवणीच्या कॉइल आणि तयार फिल्टर मिळून, २.८ डेसिबल खात होता. म्हणून एफआर-४ वरही थोडी कमाईच आहे. आधी हे पक्कं करतो, मग लॅमिनेट बदलतो.

---

पाऊसपाणी

एक साधा प्रश्न. नॅनोव्हीएनए ५० ओहमचं. १६ ओहमचा पोर्ट मोजलात कसा?

---

नर्मदातीर

दोन वाटा आहेत. एक, ५० मध्येच मोजून फाइल सॉफ्टवेअरमध्ये १६ ओहमच्या संदर्भाला फिरवायची. दुसरी मला जास्त आवडते: एकसारखे दोन फिल्टर करा आणि १६ ओहमची तोंडं एकमेकांना जोडा. ५० ते १६, १६ ते ५०. दोन्ही टोकं यंत्राला ओळखीची. जी झीज येईल तिचं निम्मं एका फिल्टरचं. मात्र रिटर्न लॉस (तोंडावरून उलट फिरणाऱ्या सिग्नलचं माप) खराब दिसला तर दोष कोणत्या फिल्टरचा हे यातून कळत नाही, तेव्हा पहिली वाट धरावी लागते.

---

रामबागकर

तीन आठवड्यांनी परत आलो. जरा लांबलं, मित्राच्या घरी लग्न होतं.

नर्मदातीरांच्या सल्ल्याने दोन थरांचाच बोर्ड पुन्हा केला. पट्ट्या लांब सरकवल्या, तळाशी सामायिक दोन व्हाया, तीन मिमी अंतराने. लांबी ४७ वरून ४४ वर आणली. नॅनोव्हीएनएवर रेघ उमटली तेव्हा मी आणि मित्र, दोघंही गप्प झालो. एकच माथा, ८०५ ते ९३० पर्यंत, ८६६ अगदी मधोमध. पाठीला पाठ लावून मोजलेल्या दोघांची झीज ४.३ डेसिबल, म्हणजे एकाची २.१५. तिसरा_थर यांनी सांगितलेल्याच्या जवळ.

एक व्हाया मुद्दाम ड्रिलने उडवून पाहिली. माथा लगेच फुगून दोन झाले. दुसऱ्या नमुन्यावर दोन्ही व्हायांच्या शेजारी तांब्याची तार घालून तिसरी वाट दिली, तर माथा अरुंद होऊन मध्यभागी दबला. कपलिंग जास्त झालं तर काय आणि कमी झालं तर काय, दोन्ही पाच मिनिटांत डोळ्यांनी पाहिलं.

आता चार थरांचा बोर्ड पाठवला आहे. १५.६ मिमीच्या पट्ट्या, टॅप ८.१ आणि ४.६ वर, कपॅसिटर आतल्या थरांत. सामायिक व्हायांचं गणित नव्या उतार-गुणांकाने करून घेतलं.

---

मध्यमलहर

चार थरांचा बोर्ड आला की मला दाखवायला आणाल का? डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, पण भिंग आहे. टॅप कुठे काढलाय तेवढं पाहायचं आहे.

---

रामबागकर

काका, आणतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. रविवारी सकाळी येईन, आणि बाबांची ती पांढऱ्या कोअरची डबीही सोबत असेल.